तेवीस नावं

एकदा नाक पुसलेलं मूल आपण जन्मात विसरत नाही, अशी मोठ्या बाईंची स्वतःबद्दल पक्की समजूत होती. बाजारात एखादा सहाफुटी, दाढीवाला बाप्या समोर आला की त्या भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत आणि विचारत, "काय रे, अजून खडू खातोस का?" बाप्या बायकोदेखत लाजून चूर होई. बालवाडी चालवायला लागून त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती आणि निम्म्या गावाची नाकं आपल्या पदराला पुसली गेली आहेत, हे त्या दिवसातून एकदा तरी सांगत. ऐकणाऱ्याला पाठ झालं असलं तरी सांगत.

बालवाडी छापखान्यामागच्या गल्लीत होती. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण, कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीचे तीन नळ आणि लोखंडी फाटक. लहान गट भोंगाबाईंकडे. त्यांनी "रांग करा!" म्हटलं की छापखान्यातले कामगारसुद्धा क्षणभर सरळ उभे राहत. मोठा गट मोठ्या बाई आणि हळूबाई या दोघी मिळून सांभाळत. हळूबाई चालली तर पाऊल वाजत नसे, तिनं दार लावलं तर कडी वाजत नसे. ही नावं मुलांनीच पाडलेली, आणि तिघींनी ती गोड मानून घेतली होती.

मोठ्या बाईंचा एक दंडक होता. मुलांना नुसत्या नजरेनं मोजायचं नाही, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायचं. फाटकाबाहेर पडताना, नळावर, बागेत, परत आल्यावर. एक, दोन, तीन करत मोठ्यानं, शेवटच्या डोक्यापर्यंत. मोठ्या गटात चोवीस मुलं होती आणि एकोणतीस वर्षांत एकही मूल हरवलं नव्हतं.

वरच्या कार्यालयाचा दुसरा एक दंडक होता. वर्षातून एक दिवस बालवाडी बंद ठेवायची आणि शिक्षिकांनी काहीतरी नवीन शिकायचं. कुठलं वर्कशॉप घ्यायचं हे मोठ्या बाईंनी ठरवायचं. या निवडीनं त्यांना बरेचदा तोंडघशी पाडलं होतं. कागदी प्लेटांपासून प्राणी बनवायच्या वर्कशॉपातली चाळीस घुबडं अजून माळ्यावर डोळे वटारून बसली होती. त्याच्या पुढच्या वर्षी हसण्यातून शिक्षण देणारे एक गृहस्थ आले. ते तीन तास हसले आणि दुसरं कुणीच हसलं नाही. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला, की आधी स्वतः जाऊन बसायचं, नमुना बघायचा, मगच होकार द्यायचा.

यंदा तीन पत्रकं आली होती. पहिलं गाण्यानाचाचं, दुसरं लिहिण्याच्या पूर्वतयारीचं. तिसऱ्यावर चित्र नव्हतं की रंग नव्हता, फक्त एक ओळ होती: तुमच्या वर्गात कोण आहे?

"चोवीस टारगट आहेत, आणखी कोण असणार!" भोंगाबाई म्हणाल्या. "बाई, गाण्यानाचाचंच घ्या हो. जरा हातपाय मोकळे होतील." हळूबाईनं तिसरं पत्रक उचललं, वाचलं आणि होतं तिथेच परत ठेवलं.

मोठ्या बाई तिन्हीकडे जाऊन आल्या. पहिल्या ठिकाणी त्यांचे गुडघे बोलायला लागले, दुसऱ्या ठिकाणी त्यांना छान डुलकी लागली. तिसरं शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. निरनिराळ्या बालवाड्यांच्या अकरा बायका तिथे जमल्या होत्या. शिकवणारी बाई किडकिडीत होती, केस पांढरे आणि आखूड कापलेले. तिनं नमस्कारचमत्कार केले नाहीत. प्रत्येकीपुढे एक कोरा कागद आणि एक पेन्सिल ठेवली.

"हजेरीपट न बघता तुमच्या वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं लिहा," ती म्हणाली. "नावापुढे त्या मुलानं या आठवड्यात तुम्हाला सांगितलेली एक गोष्ट लिहा. हवा तेवढा वेळ घ्या."

मोठ्या बाईंना हसू आलं. त्यांना कसला लागतोय वेळ! सरसर लिहून त्यांनी पेन्सिल पहिली खाली ठेवली आणि सवयीनं नावं मोजली. तेवीस भरली.

कुणी दोनदा लिहिलं असेल तर तेवीस कशी भरतील, कमी कशी होतील, असा काहीतरी उलटसुलट विचार करत त्यांनी पुन्हा मोजलं. तेवीसच होती. मग त्यांनी डोळे मिटून वर्ग आठवला. गोल करून बसलेली मुलं त्यांना लख्ख दिसली. दारापासून सुरुवात करून त्या एकेका मुलावरून पुढे सरकल्या आणि कपाटापर्यंत आल्या. कपाटाच्या अलीकडे चष्मेवाला मुलगा, पलीकडे जुळ्यांपैकी एक. दोघांचे गुडघे एकमेकांना टेकलेले. मध्ये रिकामी जागा नव्हती. रिकामी जागा दिसली असती तर बाईंना त्यातल्या त्यात बरं वाटलं असतं.

त्यांनी डोळे उघडले. खोलीत एकाही पेन्सिलीचा आवाज येत नव्हता. दहाही जणींच्या माना खाली होत्या, ओठ हलत होते आणि बोटांची पेरं मोजली जात होती. खिडकीजवळची एक तरुण शिक्षिका उठली, हात धुवायला जाते म्हणाली आणि परत आलीच नाही.

"जे मूल आठवत नाही," पांढऱ्या केसांची बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "ते आत्ता या क्षणी कुठे असेल, काही अंदाज?"

मोठ्या बाईंनी कागदाची घडी घालून ती पर्समध्ये टाकली.

सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी शाळेत आल्या आणि त्यांनी हजेरीपट उघडला. चोविसावं नाव होतं तिथे, त्यांच्याच अक्षरात. मुलगी होती. लहान गटातलं एक वर्ष धरून तिला इथे दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्या दिवसांत एकही गैरहजेरी नव्हती. त्यांनी तिची प्रगतीची वही काढली. 'शांत. त्रास नाही.' त्याखाली सही त्यांचीच. भिंतीवरच्या गटाच्या फोटोत त्यांनी तिला शोधलं, तर पुढच्या मुलानं नेमका तेव्हाच हात वर केला होता आणि त्याच्या पंजामागे दोन वेण्यांची टोकं तेवढी दिसत होती.

मुलं आली तेव्हा ती त्यांना सापडली. कपाटाला टेकून बसली होती. दोन वेण्या, निळा फ्रॉक, हनुवटीवर तीळ. चारचौघींसारखी गोड मुलगी. बाईंनी तिच्याकडे चांगलं दोन मिनिटं बघितलं, मग फळ्याकडे वळल्या, आणि वळल्याबरोबर चेहरा गेला. पुन्हा बघितलं. पुन्हा वळल्या. पुन्हा गेला. ओल्या पाटीवर लिहावं आणि अक्षर उमटूच नये, तसं चाललं होतं. शेवटी त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं: निळा फ्रॉक, दोन वेण्या, हनुवटीवर डावीकडे तीळ, उंची टेबलाएवढी.

संध्याकाळी त्यांच्या नवऱ्याला चष्मा शोधताना पर्समध्ये ती चिठ्ठी मिळाली. त्यांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, कोण हरवलंय?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठी हातातून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी भोंगाबाईंना त्यांनी आडून आडून विचारलं. मागच्या वर्षी ती मुलगी त्यांच्याकडे होती. "ती होय!" भोंगाबाई म्हणाल्या. "ती नाही का ती… अहो, ती… शहाणी आहे हो पोरगी." आणि बोलता बोलता त्या थांबल्या, कपाळाला आठ्या घातल्या आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी शेंबडाकडे धावल्या.

आता सरळ होतं. तिसरं वर्कशॉप घ्यायला हवं होतं. त्या मुलीला त्याची गरज होती, आणि हे बाईंइतकं त्या क्षणी जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. पण ते घेतलं असतं तर सगळ्यांसमोर कोऱ्या कागदावर नावं लिहावी लागली असती. मोठ्या बाईंची तेवीस! लाज वाटली त्यांना. लाज वाटली आणि भीतीही वाटली, आणि या दोन्हींपायी त्यांनी जे केलं ते काही चांगलं केलं नाही.

"गाण्यानाचाचं ठरलं," त्यांनी डबे खाताना जाहीर केलं. भोंगाबाईंनी टाळी वाजवली.

"ते तिसरं कसं होतं, बाई?" हळूबाईनं विचारलं.

"कंटाळवाणं," मोठ्या बाई म्हणाल्या. हळूबाईनं मान हलवली आणि डब्याचं झाकण लावलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी मोठा गट बागेत जायचा होता. हळूबाई जावेच्या बाळंतपणासाठी रजेवर होती, म्हणून भोंगाबाई सोबत आल्या. त्यांचा लहान गट तेवढा वेळ शाळेच्या मावशींनी सांभाळला. बाग दोन गल्ल्या सोडून. जाताना फाटकात मोजलं, चोवीस. मुलं तासभर घसरगुंडीवर आणि वाळूत लोळली. निघताना रांग झाली आणि भोंगाबाईंनी डोक्यांना हात लावत खणखणीत आवाजात मोजलं. "बावीस, तेवीस, चोवीस! झाले. चला!" रांग निघाली. शाळेच्या फाटकात पुन्हा चोवीस. नळावर पाणी पिताना पुन्हा चोवीस.

एवढ्यात एक घामाघूम झालेला माणूस फाटकातून आत घुसला. "बाई, आमचं पोरगं! पिवळी टोपी… बागेतून तुमच्या रांगेत…"

पिवळी टोपी नळाखाली डोकं घालून मजेत भिजत होती. वय वर्षं तीन, शाळेशी संबंध शून्य. रांग दिसली म्हणून स्वारी मध्येच घुसली होती आणि शिस्तीत चालत आली होती. बाप हसावं की रडावं अशा अवस्थेत त्याला खांद्यावर टाकून गेला. भोंगाबाई पोट धरून हसल्या, मुलं हसली, मोठ्या बाईही डोळे पुसेपर्यंत हसल्या. आणि हसता हसताच त्या थांबल्या.

तो चोविसातला एक होता.

मुलं एव्हाना पाणी पिऊन वर्गात जाऊन बसली होती, त्यांनी तिकडे बघितलं. वर्ग भरलेला दिसत होता. सगळी मुलं बसलेली, खांद्याला खांदा, कुठे खळगा नाही, कुठे कमी नाही. कुणीही बघून सांगितलं असतं की सगळी आहेत. मोठ्या बाईंनी मोजलं नाही. त्या चपला शोधायलाही थांबल्या नाहीत, तशाच धावल्या.

बाग दुपारच्या उन्हात मुलांनी भरून गेली होती. फाटकातून आत शिरल्यावर बाईंना कळलं की आपण कुणाला शोधतोय हेच आपल्याला माहीत नाही. चेहरा आठवेना. फ्रॉक हिरवा होता की निळा? हाक मारायला तोंड उघडलं, तर नावही जिभेवर येईना. सोमवारी हजेरीपटात वाचलेलं, सहा महिने रोज पुकारलेलं नाव. "बाळा!" त्या ओरडल्या. "ए बाळा!" घसरगुंडीवरच्या, वाळूतल्या, झोक्यावरच्या सगळ्या मुलांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. त्यातली प्रत्येक मुलगी तीच असू शकत होती. एकही नसू शकत होती.

मग त्यांना ती दिसली. बागेच्या दुसऱ्या फाटकाजवळ, जिथे रांग केली होती, तिथे एक मुलगी एकटीच उभी होती. तोंड सरळ समोर. एक हात पुढे केलेला, पुढच्या मुलाचा सदरा धरल्यासारखा. पुढे कुणी नव्हतं. रांग जाऊन अर्धा तास होऊन गेला होता, तरी ती रांगेत उभी होती.

बाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. "अगं सोन्या, तू आली का नाहीस आमच्याबरोबर?"

"डोक्याला हात नाही लागला," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या असं त्यांना वाटलं.

"मग हाक मारायचीस ना! रडायचंस!"

"चोवीस झाले ना. त्या टोपीवाल्याच्या मागच्यालाच चोवीस म्हटलं. मग मी कोण?"

तिचा पुढे केलेला हात बाईंनी हळूच खाली घेतला. तो लाकडासारखा ताठला होता. "तुझं नाव काय गं, राणी?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांना स्वतःची शिसारी आली.

मुलीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. एवढ्या मोठ्या बाईला एवढंही ठाऊक नसावं याचं तिला नवल वाटलं असावं.

"चोवीस," ती म्हणाली.

तिला कडेवर घेऊन बाई गल्लीतून परत आल्या. वाटेत त्या तिला तिचं नाव सांगत राहिल्या, कारण आता ते आठवलं होतं आणि पुन्हा जाईल अशी धास्ती होती. संध्याकाळी तिच्या आईला त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आई पांढरीफटक पडली. मग तिनं विचारलं, "पण ती तुम्हाला त्रास नाही ना देत?" बाईंना वाटलं, ही चार शिव्या घालेल तर किती बरं.

त्याच दिवशी त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहून चूक कबूल केली, आणि गाण्यानाचाच्या लोकांना नकार कळवून वाचनालयातल्या त्या पांढऱ्या केसांच्या बाईला बोलावलं.

वर्कशॉपच्या दिवशी तिघी जणी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. लिहायच्या आधी मोठ्या बाई उभ्या राहिल्या. तेवीस नावांचं, चिठ्ठीचं आणि 'कंटाळवाणं' का म्हटलं त्याचं, सगळं त्यांनी सांगून टाकलं. भोंगाबाई नुसत्याच नाक पुसत राहिल्या.

मग कोरे कागद आले. या खेपेला मोठ्या बाईंची चोवीस भरली. त्या मुलीच्या नावापुढे मात्र त्यांना 'चोवीस' या एका शब्दापलीकडे काही लिहिता येईना. त्यांनी शेजारी बघितलं. हळूबाईच्या कागदावर त्या मुलीचं नाव सगळ्यांत वर होतं आणि त्याच्यापुढचा मजकूर ओळ ओलांडून, समास ओलांडून कागदाच्या पाठीवर गेला होता. पांढऱ्या केसांच्या बाईनं तो वाचून दाखवायला सांगितला.

हळूबाई वाचायला लागली. "नळ बंद केला की त्याला झोप लागते, म्हणून मी हळू बंद करते. मुंगीला घर माहीत असतं पण आडनाव माहीत नसतं. माझी सावली माझ्याआधी शाळेत येते आणि जागा धरून ठेवते. कपाटाच्या आत अजून एक वर्ग आहे, तिथे कुणी मोजत नाही. तिथली मुलं मला ये म्हणतात, मी अजून गेले नाही."

छापखान्याचं यंत्र पलीकडे धडधडत होतं. तिघींपैकी एकीनंही कपाटाकडे बघितलं नाही.

"हे सगळं तुला कधी सांगितलं तिनं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"रोजच सांगते. डबे झाले की मी जरा वेळ कपाटाशी टेकते ना."

"तिथेच का टेकतेस पण?"

"सवय आहे," हळूबाई म्हणाली. थोडा वेळ ती कागदाची कड बोटानं सरळ करत राहिली. "माझी जागा होती ती. मोठ्या गटात असताना. तुमच्याच वर्गात होते मी, बाई."

मोठ्या बाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. तीस वर्षांची बाई, सहा वर्षं रोज शेजारी बसून जेवणारी. त्या चेहऱ्याखाली एक लहान चेहरा असणार, म्हणून त्या शोधत राहिल्या. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, हनुवटी बघितली. काहीही सापडलं नाही.

"अर्जात लिहिलं होतं मी," हळूबाई म्हणाली. "सही तुमचीच आहे."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस गं! का नाही बोललीस?"

"नोकरीच्या पहिल्या दिवशी फाटकात तुमच्यासमोर थांबले होते जरा," हळूबाई नेहमीच्या आवाजात म्हणाली. "म्हटलं, ओळखाल. मग घंटा झाली."